पद्मिनी सुरू होत नसल्यास

प्रस्तुत मार्गदर्शन प्रीमियर पद्मिनी अजून पदरी बाळगून असलेल्या गृहस्थांसाठी आहे. फ्युएल इंजेक्शनवाल्यांनी पुढे वाचू नये. त्यांच्या गाडीला काय झाले ते लॅपटॉप सांगतो, त्यांनी फक्त बिल भरायचे असते. पद्मिनीत सांगणारे कोणी नाही. 1089 सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, एक कार्बोरेटर, एक डिस्ट्रिब्युटर आणि सल्ल्याला अख्खी सोसायटी, एवढीच सामग्री.

पहिली पायरी म्हणजे घरातला स्क्रू-ड्रायव्हर सौभाग्यवतींच्या स्वाधीन करणे. सकाळी गाडी लागली नाही की भल्याभल्यांचा हात कार्बोरेटरच्या स्क्रूकडे जातो. तो दिसतो, हाताला लागतो आणि फिरतो, हे त्याचे तिन्ही दोष आहेत. तो फिरवला की मूळ आजार जागच्या जागी राहतो आणि त्याच्या उरावर आपण दिलेला दुसरा बसतो. कार्बोरेटरच्या म्हणून आलेल्या दहा तक्रारींतल्या नऊ करंटच्या निघतात, हे कोणताही जुना मेस्त्री सांगेल. तेव्हा क्रम असा ठेवावा: बॅटरी, करंट, पेट्रोल, हवा आणि सगळ्यांचे झाल्यावर तो स्क्रू.

गाडी नेमकी कधी रुसते ते आधी लिहून काढावे. पहाटे थंड असताना, की दुपारी भाजी घेऊन परत निघताना? दोन्हींचे औषध वेगळे. याबाबत घरच्यांची साक्ष ग्राह्य धरू नये. त्यांच्या मते ती कधीच लागत नाही.

बॅटरीचे काम पाच मिनिटांचे. सेल्फ मारल्यावर नुसते 'टक' झाले आणि हेडलाइट मावळले, तर टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्याने धुवावी, आवळून बसवावे. भरलेली बॅटरी उभ्या गाडीत 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते.

एव्हाना बॉनेटभोवती मंडळी जमलेली असतील. त्यांना हाकलू नये, हे एक उपकरणच आहे. त्यातले एक काका पूर्वी अ‍ॅम्बॅसेडरवाले असतात आणि प्रत्येक दोषाला 'पेट्रोलमध्ये कचरा' हे एकच नाव देतात. दुसरे 'विकून टाका' म्हणतात, पण गिऱ्हाईक आणत नाहीत. या सर्वांना गाडीमागे उभे करून धक्का मारायला लावावा. दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडताच गाडी लागली, तर करंट आणि पेट्रोल बहुतेक ठीक असून दोष बॅटरीचा किंवा सेल्फचा आहे. नाही लागली, तरी मंडळी दमून घरी जातात. चाचणी कोणत्याही बाजूने उपयोगी पडते.

आता करंट. प्लग काढून वायरला लावावा, त्याचे धातूचे अंग इंजिनाला टेकवावे आणि कोणाला तरी सेल्फ मारायला बसवावे. प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर पडते, म्हणून ठिणगी तिथून लांब काढावी. कॉइल हजारो व्होल्टचा झटका देते, तेव्हा वायर रबरी मुठीच्या पक्कडीत धरावी आणि सेल्फवर बसवलेल्या माणसाशी त्या आठवड्यात आपले भांडण झालेले नसावे. निळी, चटचटणारी ठिणगी उत्तम. पिवळट, आळशी ठिणगी दिसली तर डिस्ट्रिब्युटरचे झाकण उघडावे. पावसाळ्यात आतला ओलावा कोरड्या फडक्याने पुसल्यावरच निम्म्या पद्मिन्या बऱ्या होतात. झाकणाला केसासारखी चीर असेल तर करंट तिथूनच पळतो. पॉइंटच्या एका बाजूला खड्डा आणि दुसरीला टेकाड झाले असेल, तर संशयित कंडेन्सर. पॉइंट पॉलिश पेपरने घासून फट अर्ध्या मिलिमीटरहून किंचित कमी ठेवावी. फीलर गेज नसेल तर व्हिजिटिंग कार्ड चालते, शक्यतो विमा एजंटाचे. नवा कंडेन्सर डब्यातूनच मेलेला निघू शकतो, म्हणून चालता जुना कधीही टाकू नये. पाहुण्यांना दाखवण्यासारखी वस्तू नव्हे ती, पण कपाटात असावी.

चारही प्लग वर्तमानपत्रावर क्रमाने मांडावेत. बिस्किटी रंग म्हणजे प्रकृती ठणठणीत. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, किंवा चोक ओढून तो आत ढकलायला मालक विसरतो. पांढरा म्हणजे हवा जास्त. ओला म्हणजे पेट्रोल पोचते, ठिणगी पोचत नाही. वायरी परत लावताना 1-3-4-2 हा क्रम चुकला, तर गाडी कार्बोरेटरमधून शिंकते आणि दमलेली मंडळी पुन्हा खाली येतात.

पेट्रोलची परीक्षा सोपी आहे. कार्बोरेटरकडे जाणारी नळी सोडून बाटलीत धरावी, सेल्फ मारावा. जोरकस पिचकारी आली पाहिजे. नुसते थेंब आले तर पंपाचा डायफ्रॅम गेला. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि पद्मिनीचे रबर त्या पिढीचे नाही. डायफ्रॅम आणि नळ्या वेळेआधी खराब होतात. आठवडाभर उभ्या गाडीचे कार्बोरेटरमधले पेट्रोल उडून गेलेले असते, तिला सेल्फ जास्त मारावाच लागतो. उलट गरम गाडी बंद केल्यावर तेच पेट्रोल उकळून आत सांडते. तेव्हा चोकला हात न लावता अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा आणि सेल्फ मारावा. पंप मारल्यासारखा पाय हलवला की पेट्रोलचे तळे होते. घाटात गाडी तापून थांबली तर पंपावर ओले फडके ठेवावे. पूर्वी मे महिन्यात बोरघाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या फियाटींपाशी हाच विधी चाले.

गाडी लागते, पण स्लोवर थरथरते आणि आरशात मागची रिक्षा दोनदा दिसते, अशी तक्रार असल्यास एकेका प्लगची वायर काढून पाहावी. वायर काढूनही इंजिनाचा आवाज बदलला नाही, तर तो सिलिंडर आधीच कामावर येत नव्हता. चारही कामावर असतील तर मॅनिफोल्डच्या जोडांवर, वायरी वाचवून, पाण्याचा हलका फवारा मारावा. आवाज क्षणभर बदलला तर हवा तिथूनच शिरते, गॅस्केट बदलावे. यानंतर स्क्रू-ड्रायव्हर परत मागता येतो. इंजिन पूर्ण गरम असताना स्क्रू पाव पाव वळशाने फिरवावा आणि सुरुवातीची जागा लिहून ठेवावी.

एवढ्यावरही थरथर राहिली तर कॉम्प्रेशन मोजावे. एका सिलिंडरचे कमी भरले तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावे. वाढले तर रिंग, नाही वाढले तर व्हॉल्व्ह. सुटे भाग कुर्ल्यात, सीएसटी रोडला शोधल्यास अजून हाती लागतात. इंजिन खोलायला मेस्त्रीला बोलवावे. काम अर्ध्यावर आल्यावर तो 'साहेब, आता खोललंच आहे तर' असे वाक्य सुरू करील. ते पुरे होऊ देऊ नये.