मोटारसायकल क्लब काढावा कसा? (माजी सैनिक व पोलीस यांच्यासाठी प्राथमिक धडे)

सर्वात आधी एखादं युद्ध करून या. ही पायरी गाळता येत नाही. अमेरिकेतले मोटारसायकल क्लब बऱ्याच अंशी लढाईवरून परतलेल्या आणि घरी जीव न रमलेल्या माणसांनीच घडवले. १९४५ नंतरचा काळ सर्वात सोयीचा. हार्ले-डेव्हिडसनने लष्करासाठी ९० हजारांच्या आसपास गाड्या बनवल्या होत्या. उरलेल्या पुढे स्वस्तात निघाल्या. त्यातली एक घ्या, नको असलेलं लोखंड कापून टाका आणि चार मित्र जमवा. बॉम्बफेकी विमानात मशीनगन चालवलेल्या विली फोर्कनरने १९४६ मध्ये कॅलिफोर्नियात हेच केलं. त्याने क्लबाचं नाव 'बूझफायटर्स' ठेवलं. तुम्ही नाव ठेवण्यापूर्वी आईला एकदा विचारा.

पुढची पायरी बदनामीची. तिच्यासाठी स्वतः फार कष्ट घ्यावे लागत नाहीत, छायाचित्रकार असला की भागतं. १९४७ च्या जुलैत होलिस्टर या छोट्या गावात शर्यतींसाठी हजारो मोटारसायकलवाले उतरले. दारू प्यायली गेली, रस्त्यात गाड्या पळवल्या गेल्या, काहींना अटक झाली. एवढ्यावर प्रकरण मिटलंही असतं. पण 'लाइफ' साप्ताहिकाने पानभर छायाचित्र छापलं: रिकाम्या बाटल्यांच्या ढिगात उभी गाडी, तिच्यावर दोन्ही हातांत बाटल्या घेतलेला एक गुबगुबीत इसम. बाटल्या फोटोसाठी गोळा करून मांडल्या होत्या, असं तिथे हजर असलेल्या एकाने पुढे सांगितलं. पण तोवर देशाने बघायचं ते बघून घेतलं होतं. १९५३ मध्ये या प्रकारावर बेतलेला 'द वाइल्ड वन' आला. त्यात मार्लन ब्रँडो ब्रिटिश बनावटीच्या ट्रायम्फवर बसला आणि तेव्हापासून कातडी जाकीट घातलेला माणूस दिसला की हॉटेलवाले खुर्च्या मोजू लागले.

मोटारसायकलस्वारांच्या राष्ट्रीय संघटनेने म्हणे तेव्हा जाहीर केलं की ९९ टक्के स्वार सभ्य आहेत. आपण असं काही बोललोच नाही, असं संघटना आता म्हणते. उरलेल्या एका टक्क्याला मात्र हे इतकं आवडलं की त्याने तो आकडा जाकिटावर शिवून घेतला. न बोललेल्या वाक्याचं इतकं सोनं क्वचितच कुणी केलं असेल.

पोलीस वाचकांनी आता सरसावून बसावं. पोलिसांचा मोटारसायकलशी संबंध जुना आहे. हार्ले-डेव्हिडसन सांगते, की डेट्रॉईट पोलिसांना तिने १९०८ मध्येच गाडी विकली. पण नोकरीची गाडी वेगळी आणि रविवारची वेगळी. रविवारी जायचं कुणाबरोबर? हेल्स एंजल्स हा क्लब तर पोलिसाला सभासद करून घेत नाही, तुरुंगाच्या पहारेकऱ्यालाही नाही. (नियम पाळणारी मंडळी आहेत, आपापले.) तेव्हा १९७४ मध्ये मेन राज्यातल्या बँगोर इथे काही पोलिसांनी 'ब्लू नाइट्स' काढला. सहकुटुंब सहली आणि देणग्या गोळा करणं, असा त्याचा सात्त्विक थाट. आज त्याच्या शाखा अनेक देशांत आहेत.

आता जाकीट. इथे घाई करू नका. पाठीवर तीन तुकडे शिवले (वरच्या कमानीत नाव, मधे चिन्ह, खालच्या कमानीत प्रदेश) की तो प्रदेश आमचा, असा अर्थ होतो. मग त्या भागातला दांडगा क्लब अपेक्षा धरतो, की तुम्ही आधी येऊन विचारावं. म्हणजे अख्खं शहर वर्दीत सांभाळणाऱ्या हवालदाराने एका शिवणकामासाठी त्याच्याच नोंदवहीतल्या इसमाची परवानगी काढायची! पुष्कळ क्लब हा पेच एकच सलग चिन्ह लावून सोडवतात. काही पोलीस क्लब तीन तुकडे लावतात आणि विचारतही नाहीत. त्यांना सहलीला जाताना मागे वळून बघायची सवय ठेवावी लागते.

पदाधिकारी गणेश मंडळासारखे सढळ हाताने नेमा: अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार, शिस्त राखणारा सार्जंट, रस्ता ठरवणारा रोड कॅप्टन. नवा माणूस आला की अनेक क्लबांत त्याला आधी उमेदवारी करावी लागते. व्हिएतनामचं जंगल पाहून आलेला गृहस्थही मग बारबाहेर दुसऱ्यांच्या गाड्या राखत उभा राहतो. कागदपत्रंही लागतात. २००१ मध्ये निघालेली 'कॉम्बॅट व्हेटरन्स मोटारसायकल असोसिएशन' प्रत्यक्ष लढाईत सेवा केल्याचा पुरावा मागते. नुसता रुबाब चालत नाही.

काम काय करायचं, हा प्रश्न सर्वात शेवटी येतो आणि गंमत म्हणजे याच बाबतीत हे क्लब सर्वात गंभीर असतात. 'रोलिंग थंडर'ने १९८८ मध्ये सुमारे अडीच हजार गाड्या वॉशिंग्टनला नेल्या. व्हिएतनाममध्ये बेपत्ता झालेल्यांना सरकारने विसरू नये, एवढंच मागणं होतं. पुढे ती फेरी लाखोंची झाली. २०१९ नंतर आयोजकांनी ती थांबवली, कारण वाढता खर्च आणि पेंटागॉनच्या पार्किंगवरून झालेली कुरबूर. शत्रूला पुरून उरलेली माणसं पार्किंगपुढे हरली. मग 'ॲमवेट्स' या माजी सैनिकांच्या संघटनेने ती परंपरा पुढे चालवली.

२००५ मध्ये एका चर्चची मंडळी मृत सैनिकांच्या अंत्यविधीला निषेधाचे फलक घेऊन उभी राहू लागली. कॅन्ससमधले स्वार तेव्हा कुटुंब आणि फलक यांच्यामध्ये झेंडे धरून उभे राहिले, आणि घोषणा ऐकू जाऊ नयेत म्हणून इंजिनं गुरगुरवली. तेच 'पॅट्रियट गार्ड रायडर्स'.

एवढं वाचूनही तुमच्याकडे गाडी नसेल आणि तुम्ही सैन्यात वा पोलिसात कधीच नव्हता, तर नवा क्लब काढायच्या भरीस पडू नका. पॅट्रियट गार्डला अर्ज करा. त्यांच्याकडे यातल्या कशाचीच अट नाही.