थोडकंच मामाजी

कोणत्याही डोंगरवाटेवर एक माणूस बसलेला असतोच. तुमची जीभ टाळूला चिकटलेली, गुडघे कुरकुरायला लागलेले, आणि हा सावलीत बसून बिडी ओढत सांगतो, ‘आलंच जी, आता थोडकंच रायलं.’ आमच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, प्रतापगडावर, हा माणूस मामाजी या नावानं बसतो. नेमके कोणाचे मामा, ते कोणालाच ठाऊक नाही. महाशिवरात्रीची यात्रा भरली, खाली पळस पेटला, ‘हर बोला महादेव’ करत पोहे, म्हणजे भक्तांचे जथे, यायला लागले की मामाजी चढाच्या ऐन मध्यावर ठाण मांडतात. महादेवाला जाणारा असो की ख्वाजा उस्मान गनी हारुनींच्या दर्ग्याला आलेला, थाप सगळ्यांना एकच.

या थापांचं एक कोष्टक आहे. स्वतःचे पाय खर्ची घालून मी ते जमवलं. ‘थोडकंच रायलं’ म्हणजे तासभर. ‘आलंच’ म्हणजे अर्धा तास, पण उभ्या चढाचा. आणि ‘हे का, दिसते ना’ म्हणजे काहीही दिसत नाही, बाटली भरून घ्या. ‘लांब आहे बाप्पा’ असं ते एकदाच म्हणाले, तेव्हा विषय भाच्याच्या लग्नाचा होता.

खोटं बोलायचा हा परवाना त्यांना चौरागडानं दिला. तरुणपणी ते पोह्यासोबत खांद्यावर त्रिशूल घेऊन पायी पचमढीला, चौरागडाच्या महादेवाला गेले होते. त्या एका वारीच्या व्याजावर आजवरचं आयुष्य चाललंय. नवेगावबांध तलावाच्या पाळीवर चढताना, दवाखान्याच्या जिन्यात, एसटीच्या पायरीवरसुद्धा ते थांबून म्हणतात, ‘हा का चढ हाये? चढ तं चौरागडाचा.’ हजारावर पायऱ्या, आणि दरवर्षी त्यात मामाजी शंभरेक स्वतःच्या पदरच्या घालतात.

माणूस मात्र नुसता बोलघेवडा नाही. एकदा माझ्या टाचेला टरारून फोड आला. मामाजींनी टोपीच्या घडीतून सुई काढली, काडीच्या जाळावर धरली, दोरा ओवून फोडातून आरपार नेला आणि दोन्ही टोकं बाहेर ठेवून तोडली. ‘पानी दोऱ्यावाटे उतरंल. कातडी काढू नोको, ते देवाचं पायताण हाये.’ त्यांची स्वतःची चप्पल टायरची. टाचेच्या भेगा इतक्या खोल की त्यात पाच रुपयांचं नाणं उभं राहावं.

मागं पुण्याहून भाचा आला. मनगटावर घड्याळ, ते पावलं मोजतं. त्यानं मोबाइलवर अमेरिकेतली अ‍ॅपलेशियन ट्रेल दाखवली. चौदा राज्यांतून जाणारी जवळपास साडेतीन हजार किलोमीटरची डोंगरवाट, एका दमात चालायची तर पाच-सहा महिने. मामाजींनी चष्मा पुसून विचारलं, ‘शेवटी देव कोनता हाये?’

‘देव नाही. कटाडिन नावाचा डोंगर आहे.’

‘मंग जातेत कायले?’

‘नुसतं चालायला.’

मामाजींना भाच्याच्या लग्नाची खरी काळजी त्या दिवशी लागली. पण वाटेत अनोळखी लोक चालणाऱ्यांसाठी खाणंपिणं ठेवून जातात, हे कळल्यावर चेहरा उजळला. ‘म्हंजे महाप्रसाद हाये!’ पुढं एमा गेटवूडची गोष्ट निघाली. ६७ वर्षांची आजी, अकरा लेकरांची आई. १९५५ मध्ये घरच्यांना ‘जरा फिरून येते’ एवढंच सांगून निघाली आणि कापडी बुटांवर, घरी शिवलेली एक थैली खांद्याला लावून अख्खी वाट चालली. मामाजी बराच वेळ गप्प. मग म्हणाले, ‘तिच्यापाशी त्रिशूल नवतं ना?’

त्यांना खरी जोड भेटली ती गोठणगावला. तिथं १९७२ पासून तिबेटी लोकांची वसाहत आहे. चहाच्या टपरीवर एक म्हातारबाबा जपाचं चक्र फिरवत बसले होते. मामाजींनी त्यांना पूर्ण चौरागड ऐकवला, वाढीव पायऱ्यांसकट. बाबांनी सगळा ऐकला. मग आमच्याच बोलीत, मोडकंतोडकं सांगितलं, की १९५९ मध्ये ते लहान होते, आईसोबत हिमालय चालून आले. दिवसा लपायचं, रात्री चालायचं.

मामाजींनी आपला अर्धा चहा बशीत ओतून त्यांच्याकडं सरकवला. खूप वेळानं विचारलं, ‘तिथं कोनी सांगत होतं का जी, थोडकंच रायलं म्हणून?’

बाबा हसले. ‘आई. रोज.’

परतीच्या वाटेवर मामाजींच्या तोंडून चौरागडाचा ‘चौ’सुद्धा निघाला नाही. दुसऱ्या दिवशी निघाला.

यंदाच्या यात्रेत त्यांचे गुडघे बोलत होते. आपल्या नेहमीच्या जागेपर्यंत पोचायलाच तीनदा बसले. मी धीर द्यायला म्हणालो, ‘मामाजी, थोडकंच राहिलं.’

‘खोटं नोको बोलू,’ ते खेकसले. ‘त्या वाकड्या मोहापासून सव्वाचारशे पावलं हायेत. तीस वर्सं मोजून रायलो.’

इतक्यात मागून एक बाई कडेवर पोर घेऊन, धापा टाकत आली. ‘बाबाजी, किती लांब हाये अजून?’

मामाजी काठीवर रेलून सरळ झाले. डोळ्यांवर हात धरून त्यांनी वर पाहिलं. वर नुसतं झाड होतं.

‘हे का,’ ते म्हणाले, ‘दिसते ना.’