अजून अजनीच!

हे काका तुमच्याही मंडळीत असणार, नाव निराळं असेल एवढंच. आमचे रेल्वेत गार्ड होते. निवृत्त झाले, पण झेंडी अजून खाली ठेवलेली नाही. उपासना संपली की चर्चच्या पायऱ्यांपाशी उभे राहतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याची आत्मिक वाढ स्टेशनांत सांगतात. गाडी वर्ध्याहून सुटते, नागपूर म्हणजे परिपूर्ण ख्रिस्ती जीवन, आणि आपण सगळे मध्ये कुठेतरी.

"सलाम काका, बरे आहात?"

"मी बराच आहे जी. तुमचं सांगा. मागच्या नाताळाला सिंदीला होते, आता कुठं पोचले?"

मी बुटीबोरी म्हणतो. दर वर्षी बुटीबोरीच म्हणतो. फार पुढचं सांगितलं की साक्ष द्यायला उभं करतात आणि मागचं सांगितलं की घरी प्रार्थनेला येतात.

पाळकांनाही सूट नाही. "उपदेश चांगला करून राहिले, पण राग येते त्यांना. अजनीला आहेत." अजनी ही काकांची खास शिवी. नागपूर आलं समजून बॅग घेऊन अजनीलाच उतरणारे प्रवासी त्यांनी जन्मभर पाहिले आणि तसलेच ख्रिस्ती लोक आता ते रविवारी पाहतात. पंचकमिटी तर त्यांच्या मते अख्खीच्या अख्खी अजनीच्या फलाटावर चहा पीत बसलेली आहे. एकदा घरप्रार्थनेत सत्तरीच्या एका बाईंनी भाबडेपणानं सांगितलं, की बाप्तिस्म्याला इतकी वर्षं झाली तरी चतुर्थीला अजून सकाळी भूक लागत नाही. बाया हसल्या. काकांनी मान हलवली, "रिव्हर्स. सेवाग्राम."

शास्त्रातली माणसंही वेळापत्रकातून सुटत नाहीत. पेत्र आउटरला तीनदा थांबला, कोंबडा आरवला तेव्हा कुठे सिग्नल मिळाला. वधस्तंभावरचा चोर म्हणजे दुरांतो, मध्ये थांबाच नाही. फक्त द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला त्यांना पटत नाही. सकाळी आलेल्याला आणि संध्याकाळी आलेल्याला एकच मजुरी? "मग पेन्शन कोणत्या हिशेबानं काढायची, सांगा बरं," असं त्यांनी पाळकांना विचारलं होतं. पाळकांनी तो दाखला पुन्हा उपदेशाला घेतला नाही.

इथवर सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण मिहानमध्ये नोकरी करणारा एक मुलगा आमच्याकडे यायला लागला. मागे बसायचा, गीतांच्या पुस्तकात पान शोधता शोधता गीत संपायचं. सिगारेट सुटली नव्हती. काकांनी त्याला खापरी दिलं आणि दर रविवारी पायऱ्यांवर गाठून विचारायला लागले, "सुटली का?" सिगारेट काही सुटली नाही, चर्च सुटलं. काका म्हणाले, "गाडी रद्द." मला त्या दिवशी काकांचा मनापासून राग आला.

म्हटलं, काका, तुम्ही 29 नोव्हेंबर 1970 चा दिवस अभिमानानं सांगता ना? उत्तर भारताची मंडळी, आपली सीएनआय, त्या दिवशी याच नागपुरात उभी राहिली. पण बोलणी 1929 पासून चालली होती. धर्मशास्त्र शिकलेल्या मोठमोठ्या माणसांना एकत्र यायला 41 वर्षं लागली!

"सहा डबे जोडायचे होते जी," काका शांतपणे म्हणाले. "शंटिंगला वेळ लागते."

सहा डब्यांना 41 वर्षं आणि एकट्या पोराला चार रविवार! मग मी टिळक काढले. नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते, तेव्हा डब्यात भेटलेल्या एका गोऱ्या माणसानं त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीत केलं. 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईला टिळकांचा बाप्तिस्मा झालाही. काका खूश. "पाहा! गाडीतच! आणि राइट टाइम!"

"आणि लक्ष्मीबाई?"

लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा 1900 साली. मधल्या काळात काही वर्षं नवराबायको वेगळे राहिले. पुन्हा एकत्र आल्यावरही बाईंचं सोवळं लगेच सुटलं नाही. ते कसं तुकड्यातुकड्यानं गळून पडलं हे त्यांनी स्वतःच 'स्मृतिचित्रे'त काही न लपवता लिहून ठेवलं आहे. आणि टिळकांच्या हातून अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' पुढे नेलं कोणी? पाच वर्षं लेट आलेल्या याच बाईंनी.

काकांनी स्टेशन सांगितलं नाही. "चला, घरी चहा घेऊ," म्हणाले.

काकांच्या अंगणात तुळस आहे. पाणी घातलेली, खाली विझलेली वात. काकू नाताळाला चर्चमध्ये येतात, बायांच्या शेवटच्या बाकावर डोक्यावर पदर घेऊन बसतात आणि प्रभुभोजनाच्या आधी करंज्यांचे डबे बघायला म्हणून बाहेर जातात. मंडळीत सगळ्यांना हे माहीत आहे आणि कोणी बोलत नाही. चहा घेता घेता मी विचारलंच, काका, काकू कुठल्या स्टेशनवर?

काका बराच वेळ बशीतला चहा फुंकत राहिले. "तिला नाही विचारलं बाप्पा कधी," म्हणाले. "लग्नाला चाळीस वर्षं होऊन राहिली. राहूनच गेलं."

अख्ख्या मंडळीला अडवून विचारणाऱ्या माणसाचं हे एवढंच राहून गेलं होतं! वर आतून तेलाची बाटली आणून त्यांनी तुळशीपाशी ठेवली, कारण काकूंना उंच फळीवर हात पुरत नाही. माझं मत आता असं झालं आहे, की काका अधीर नाहीत. देवानं त्यांना बेताचाच धीर दिला आहे, तो सगळा घरी खर्च होतो आणि रविवारी आमच्या वाट्याला काही शिल्लक राहत नाही.

मिहानवाला मुलगा उपासनेला अजून येत नाही. मात्र नाताळाच्या आदल्या रात्री करंज्या तळायला काकूंना मदत करून गेला, असं कळलं. मध्ये दोनदा गच्चीवर सिगारेट ओढून आला. काका घरातच होते आणि काही बोलले नाहीत. तुमच्या मंडळीतल्या काकांबद्दल तक्रार करायची असेल तर खुशाल करा. पण आधी एकदा त्यांच्या घरी चहाला जाऊन या.