जडसंग्रहाचे कैवारी

नोकरीत जे काम मनुष्याने जन्मभर इमानेइतबारे केले, नेमके त्याच्या विरुद्ध काम करण्याची अनिवार ऊर्मी त्यास पेन्शनीत निघाल्यावर होते, असा काही सृष्टिनियम असावा. पोरांना गप्प बसवण्यात ज्यांची हयात गेली ते गुरुजी दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकात खलपुरुषाची भूमिका पदरात पाडून घेतात आणि उत्तररात्रीपर्यंत गर्जत राहतात. दुसऱ्यांच्या हद्दीचे तंटे मिटवणारे भूकरमापक घरी आल्यावर स्वतःच्या धुऱ्याचा तंटा नातवांना पुरेल इतका वाढवतात. परंतु या नियमाचे निर्भेळ उदाहरण पाहावयाचे असेल, तर तहसील कचेरीतून निवृत्त झालेला नाझर पाहावा.

नाझर हा कचेरीतील समस्त जड संपत्तीचा पालनकर्ता, आणि तिचा यमधर्मही तोच. खुर्च्या, कपाटे, मतपेट्या, तंबू, पंखे आणि साहेबांची डबघाईस आलेली जीप यांचा जन्म त्याच्या जडसंग्रह नोंदवहीत होतो, आणि त्यांचे मरणही त्याच्याच टिपणीने ओढवते. त्या मरणास दप्तरी भाषेत निर्लेखन म्हणतात. मजकूर वस्तू वापरण्याजोगी राहिली नसून तिच्या दुरुस्तीचा खर्च किमतीहून अधिक होत आहे, सबब ती निर्लेखित करून जाहीर लिलावाने तिची विल्हेवाट लावण्यास मंजुरी मिळावी, हे वाक्य ज्याने आपल्या वळणदार अक्षरात वर्षानुवर्षे लिहिले, आणि ज्या जीपची नुसती एक वायर तुटली होती तिलाही वरिष्ठांस नवी गाडी हवी म्हणून जो मृत घोषित करीत आला, त्याच्या अंतर्यामी एक शिल्लक साचत जाते. पेन्शनीचे कागद महालेखापालांकडून मंजूर होऊन तो साकोली-लाखनीकडच्या आपल्या गावी परतला, की ही शिल्लक खर्ची पडू लागते. मग त्याच्या घरातून काहीही टाकले जात नाही. तुटक्या छत्रीच्या काड्या, बंद घड्याळे, कंदिलाच्या काचा या साऱ्यांचे अपील त्याच्यापुढे चालते, आणि एकाही प्रकरणात खालच्या कोर्टाचा हुकूम कायम होत नाही.

भंडारा जिल्ह्यातील बऱ्याच मोठ्या गावांत असा एखादा गृहस्थ असतोच. त्याचे मूळ नाव कोणास आठवत नाही, सगळे त्यास नाझरसाहेब म्हणतात. आमच्या परिचयाच्या नाझरसाहेबांच्या दृष्टीस जे पडले ते छत्रीहून बरेच जड होते. गोठ्याच्या मागे, दोन हंगामांच्या तणसाखाली, एक पॉवर टिलर निजला होता.

ज्यांनी हे वाहन पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगितले पाहिजे की, ते ट्रॅक्टर नव्हे आणि नांगरही नव्हे. पुढे एका सिलिंडरचे डिझेल इंजिन, खाली दोनच चाके, मागे माती घुसळणारी वाकड्या पात्यांची दांडी, हातात बैलाच्या शिंगांसारख्या दोन लांब मुठी आणि पात्यांच्या मागे एक लोखंडी बैठक, जिच्यावर बसलेल्या मनुष्याच्या मणक्याचा इंजिनाच्या प्रत्येक ठोक्याशी खाजगी पत्रव्यवहार चालतो. जपानातील चिमुकल्या भातखाचरांत या यंत्राची भरभराट झाली; आपल्याकडे बंगळुरास १९६७ साली स्थापन झालेल्या कारखान्याने मित्सुबिशीच्या आणि केरळात १९७३ साली निघालेल्या सरकारी कंपनीने कुबोटाच्या सहकार्याने ते बनवावयास घेतले. आमच्या धानपट्ट्यास ते मानवण्याचे कारण उघड आहे. येथील बांध्या लहान, धुरे वाकडेतिकडे, आणि मोठा ट्रॅक्टर एका बांधीतून दुसरीत न्यावयाचा तर निम्मा धुरा मोडावा लागतो, ज्यावरून पुढे दिवाणी दावा उभा राहतो. हल्यांच्या जोडीने जी चिखलणी होई ती हे यंत्र कोणाच्या हद्दीस धक्का न लावता करू शकते, असा निदान त्याचा लौकिक आहे.

मजकूर टिलर नाझरसाहेबांच्या पुतण्याने अनुदानावर घेतला, दोन हंगाम चालवला, तिसऱ्या हंगामात तो सुरू होईना म्हणून ‘आता पाहू’ असे म्हणून गोठ्यामागे ठेवला, आणि स्वतः नागपुरास मोबाईलच्या दुकानात नोकरी धरली. भंगारवाल्याने दोनदा येऊन वजनाचा अंदाज घेतला होता. तिसऱ्या खेपेस त्याची गाठ नाझरसाहेबांशी पडली. त्यांनी त्यास ओट्यावर बसवून पाणी दिले आणि विचारले की, दुरुस्तीचा अंदाजखर्च कोणी काढला आहे काय, आणि नसल्यास ही वस्तू निकामी झाल्याचा दाखला कोणत्या अधिकाऱ्याच्या सहीचा आहे. तो पुन्हा त्या गल्लीत आला नाही.

यानंतर रीतसर स्थळपाहणी झाली. शंभर पानी वही घालण्यात आली. वहीच्या पहिल्या पानावर पंचांच्या समक्ष नमूद करण्यात आले की, हवेच्या गाळणीत उंदराचे बिऱ्हाड, धुराड्यात गांधीलमाश्यांचे पोळे, बैठकीवर कोंबडीची वहिवाट. पट्टे भेगाळलेले, टायर बसलेले, डिझेलच्या टाकीत तळाशी पाणी व त्यावर शेवाळासारखा साका, आणि हँडल मारू जाता इंजिन जागचे हलत नाही. पंच म्हणून बसलेल्या ग्रामस्थांत तत्काळ तीन पंथ निर्माण झाले. पहिल्याच्या मते यंत्राने ‘एअर धरली’ होती, दुसऱ्याच्या मते नोझल गेला होता, आणि तिसरा, जो वयाने सर्वांत वडील असून ज्याने इंजिनास कधी हात लावला नव्हता, तो ‘रिंगा गेल्या’ यापलीकडे एक अक्षर बोलावयास तयार नव्हता. एका म्हाताऱ्याने मात्र या वादात न पडता मूलभूत प्रश्न विचारला: ‘‘कायले उठवता जी त्याले? झोपला हाय तं झोपू द्या.’’

माझ्या मते या म्हाताऱ्याएवढे व्यवहारज्ञान त्या दिवशी कोणीच प्रकट केले नाही. परंतु त्यास हे ठाऊक नव्हते की पेन्शनरास झोप येत नाही.

दुरुस्तीचे वर्णन संक्षेपाने करता येईल, पण नाझरसाहेबांनी ते कधीच संक्षेपाने केले नाही. जाम झालेल्या पिस्टनवर डिझेल आणि तेल ओतून त्यास कित्येक दिवस भिजत ठेवावे लागले, आणि रोज सकाळी स्नानसंध्या आटोपल्यावर नाझरसाहेब हँडलला हलकेच हात लावून, रुसलेल्या जावयाची मनधरणी करावी तशा सुरात ‘‘आज काय विचार आहे?’’ असे पुसत. एके सकाळी इंजिन तीळभर हलले. ही नोंद वहीत लाल शाईने आहे. मग टाकी धुतली, गाळण्या बदलल्या, काळे पडलेले तेल काढले. इंधनपंपाचे भाग सुटे करून डिझेलमध्ये बुडवून ठेवणे प्राप्त झाले तेव्हा घरात पुरेसे मोठे भांडे एकच निघाले: सौभाग्यवतींच्या आंदणात आलेले, भंडाऱ्याच्या पितळेचे, दर सणास चिंचेने घासून आरशासारखे ठेवलेले गंगाळ. भंडाऱ्याची पितळी भांडी एके काळी दूरदूर नावाजलेली होती हे येथे सांगावयास हवे, म्हणजे अपराधाचे गांभीर्य ध्यानात येईल. गंगाळ ताब्यात घेताना नाझरसाहेबांनी पोच देऊ केली. ती स्वीकारली गेली नाही.

नोझलची तपासणी हा या कार्यातील खरोखर रम्य भाग होता. तो पाइपावर उलटा बसवून इंजिन हाताने फिरवले की, निरोगी नोझलातून डिझेल धुक्याइतके बारीक फवारते आणि त्याबरोबर करकर असा एक सूक्ष्म आवाज निघतो. आजारी नोझल नुसता थेंब गाळतो. त्या फवाऱ्यापुढे बोट धरू नये, कारण त्याचा दाब कातडी भेदून डिझेल आत घालतो. ही सूचना नाझरसाहेबांनी मुलांना दोनदा वाचून दाखवली व तिसऱ्यांदा त्यावर सह्या घेतल्या. आमचा नोझल थेंबच गाळीत होता, सबब नवा आणण्यासाठी एस.टी.ने ऐंशी-शंभर किलोमीटर नागपूर गाठणे आले. दुकानदाराने जुन्याकडे पाहून ‘‘हा कोणत्या सालचा?’’ असे विचारताच नाझरसाहेबांनी पिशवीतून वही काढली, आणि मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांनी उसासे टाकले.

याच सुमारास अमेरिकेतील भाच्याचा फोन आला. टिलरची हकीकत ऐकून तो म्हणाला की, त्याच्या शेजारीही एक पेन्शनर असून तो उन्हाळाभर गॅरेजमध्ये आडवा पडून एका जुन्या, स्वार होऊन चालवावयाच्या गवत कापण्याच्या यंत्राची दुरुस्ती करीत असतो. विलायतेतील एडविन बडिंग नावाच्या कारागिराने १८३० साली लोकरी कापडाची लव छाटणाऱ्या यंत्रावरून हिरवळ कापण्याचे यंत्र काढले, आणि पुढे त्यावर इंजिन व बैठक चढली, हे भाच्याने सांगितले तेव्हा नाझरसाहेब भारावले. पृथ्वीच्या पाठीवर आपला एक सजातीय आहे, एवढेच त्यांच्या मनाने घेतले. ओट्यावर बसलेल्या मंडळींचे समाधान मात्र झाले नाही. कापलेले गवत कोणती जनावरे खातात, ही त्यांची शंका होती. कोणतीच खात नाहीत, ते पोत्यांत भरून टाकून देतात, असे उत्तर आल्यावर बराच वेळ कोणी बोलेना, आणि मग एकजण म्हणाला, ‘‘मंग पिकवते कायले जी?’’

सुरू करण्याचा दिवस आर्द्रा नक्षत्रात उजाडला. डिझेल इंजिनास ठिणगी लागत नाही. आतील हवा मूळ आकारमानाच्या सुमारे एक-अठरांश होईपर्यंत दाबली की ती स्वतःच इतकी तापते की फवारलेले इंधन पेट घेते. म्हणूनच ते हाताने फिरवणे जड जाते, आणि म्हणून एक खटका ठेवलेला असतो, जो उचलल्यास दाब निघून जातो, चाक गरगर फिरते, व पुरेसा वेग आल्यावर खटका सोडला की इंजिनास नकार देण्याची सवड उरत नाही. हँडल दोन तरुणांकडे होते. अंगठा हँडलभोवती न गुंडाळता बोटांच्याच बाजूस ठेवावा, नाहीतर उलटा झटका बसून हाड मोडते, हेही वाचून दाखवण्यात आले. खटका नाझरसाहेबांकडे होता, कारण निर्णयाचा अधिकार तेथे होता. प्रत्येक वेळी त्यांनी तो एक क्षण उशिरा सोडला. प्रकरण पूर्ण परिपक्व झाल्याखेरीज सही न करण्याची सवय पेन्शनने जात नाही. दरम्यान त्यांनी जमलेल्या मंडळींना रुडॉल्फ डिझेलचे चरित्र ऐकवले: आउग्सबुर्ग येथे १८९७ साली त्याचे इंजिन यशस्वी झाले, आणि १९१३ साली इंग्लंडास जाणाऱ्या आगबोटीवरून तो एका रात्री नाहीसा झाला. स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला, ‘‘त्याची बायको बी माह्यावानीच कटाळली असन.’’ मंडळी हसली, नाझरसाहेबांचा हात नकळत सुटला, खटका वेळेवर पडला, आणि धुराड्यातून काजळी, पोळ्याचे अवशेष व काळ्या धुराचा लोट बाहेर फेकीत इंजिन सुरू झाले.

यापुढे जे घडले त्यास यंत्रशास्त्र जबाबदार आहे. टिलरच्या डाव्या मुठीखालचा खटका दाबला की डाव्या चाकाची शक्ती तुटते, उजवे रेटत राहते आणि यंत्र डावीकडे वळते. पण उतारावर इंजिन चाकांना ओढण्याऐवजी रोखून धरीत असल्याने, डावे चाक मोकळे होताच तेच पुढे धावते, आणि यंत्र उजवीकडे वळते. जमीन कलली म्हणून नियमाचा अर्थ उलटा व्हावा ही कल्पना ज्याने सेवाकाळात कधी मान्य केली नाही, तो मनुष्य बैठकीवर आरूढ होऊन, जमावाच्या जयघोषात, गावच्या माजी मालगुजारी तलावाच्या पाळीवर आला. १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव राहिले. कोहळी समाजाने मातीच्या असल्या पाळी इतक्या पक्क्या घातल्या आहेत की त्यांवरून टिलर सुखाने जातो. उतरताना मात्र नाझरसाहेबांनी डावीकडच्या पांदणीकडे वळण्याच्या हेतूने डावा खटका दाबला, यंत्र उजवीकडे गेले; चूक दुरुस्त करण्यासाठी त्यांनी तो अधिक जोराने दाबला. शेजाऱ्याचे वीतभर वाढलेले पऱ्हे उजवीकडे होते.

स्वतः नाझरसाहेबांनीच पंचनामा लिहिला, आणि यंत्राचा दोष नाही हे सिद्ध करण्यासाठी दोन्ही चाकांच्या आकृत्या काढल्या. शेजाऱ्याने त्या आदराने पाहिल्या. ‘‘नाझरसाहेब, डावं मोकळं सुटलं का उजवं, ते तुमी पाहा. माहे पऱ्हे कोन भरून देते?’’ असे त्याने विचारले. बऱ्याच वाटाघाटीनंतर तडजोड अशी ठरली की, नाझरसाहेबांच्या वाफ्यातील पऱ्हे शेजाऱ्यास द्यावे आणि त्याच्या सगळ्या बांध्यांची चिखलणी टिलरने विनामूल्य करून द्यावी. अशा रीतीने तो टिलर, केवळ नुकसानभरपाईपोटी, पुन्हा शेतीस लागला, आणि लोखंडी चाके चढवून चिखलात उतरल्यावर त्याने इतके चोख काम केले की रोवणीच्या बाया धुऱ्यावर थांबून पाहू लागल्या. डिझेलचा खर्च वहीत ‘किरकोळ’ या सदरी पडला आहे.

ही वार्ता नागपुरास पोहोचली तेव्हा पुतण्या मोटारसायकलीने हजर झाला. यंत्र त्याच्या नावचे होते आणि पवनीकडचा एक गिऱ्हाईक रोख पैसे घेऊन तयार होता. काकूंनी चहा दिला, आणि गंगाळाला अजून डिझेलचा वास येतो ही तक्रारही त्याच्या कानावर घातली. नाझरसाहेबांनी त्यास शांतपणे ऐकून घेतले व म्हणाले की, वस्तू तुझी आहे याबद्दल वाद नाही. तणसाखालील दोन वर्षांचे गोठाभाडे, नोझल, गाळण्या, पट्टे, एस.टी.चे भाडे आणि शेजाऱ्याचे पऱ्हे यांचा हिशेब सोबत जोडून ताबा मिळण्याचा अर्ज दोन प्रतींत सादर कर. पोराने हसत हसत तेथेच वहीचे पान फाडून अर्ज लिहिला. तो त्याच दिवशी सायंकाळी, दुसरी प्रत जोडलेली नाही व अर्जदाराने दिनांक घातलेला नाही, या दोन त्रुटींसह परत करण्यात आला.