जन्म तीन, जिणे एकच

‘सायबरपंक २०७७’ हा व्हिडिओ गेम सुरुवातीलाच कूळ विचारतो: भटक्या, गल्लीतला की कंपनीचा? खेळणारा विचारपूर्वक निवडतो, आणि एका झटपट चित्रफितीनंतर तिघेही जॅकी या साथीदारासोबत त्याच भाडोत्री कामगिरीवर निघतात. अरासाका कंपनीचा माजी अधिकारीसुद्धा. पूर्वायुष्य उरते एखाद्या जादा संवादापुरते, आणि तो बोलला काय, न बोलला काय, घडायचे ते बहुधा घडतेच. शेवट अनेक आहेत, मान्य, २०२३च्या २.० आवृत्तीने कौशल्यांची रचनाही सुधारली. पण त्याने मारामारी रंगते, माणूस वेगळा होत नाही. १९९७च्या ‘फॉलआउट’ या गेममध्ये बुद्धी अगदीच कमी ठेवली, तर नायकाला धड बोलताही येत नसे. इथे कंपनीत घालवलेल्या वर्षांची कमाई एवढीच, की अधूनमधून एखाद्या साहेबाशी साहेबी थाटात बोलता येते.