घरी खोललेली गाडी चालू होत नसेल तर

रविवारी सकाळपर्यंत ज्यांची गाडी व्यवस्थित चालत होती आणि त्याच दिवशी जेवणाची तिसरी हाक आली तरी जी ढिम्म हलत नाही, अशा नाशिककरांसाठी हे मार्गदर्शन आहे. गाडी कार्बोरेटरवाली असावी. कुर्ल्याच्या कारखान्यातली जुनी प्रीमियर पद्मिनी असेल तर सोन्याहून पिवळं. सेन्सरवाल्या नव्या गाडीवर पाना चालवला असेल, तर पुढे न वाचता टोइंगवाल्याला फोन लावावा.

पहिली पायरी बॅटरीला दोष देण्याची. ती उलट बोलत नाही आणि घरच्यांनाही पटतं. फक्त त्याआधी सेल्फ मारून कान द्यावा. नुसतं टक् वाजून सामसूम झाली, तर बॅटरीची अर्थिंग बघावी. ती तुम्हीच ‘मध्ये येते’ म्हणून काढली होती. परत लावलीत, पण आवळलीत का? इंजिन जोरात फिरतंय पण पकडत नाही, असं असेल तर मात्र बॅटरी निर्दोष सुटली. आता संशयित एकच उरतो आणि त्याच्या हाताला ऑइल लागलेलं आहे.

म्हणून नियम असा, की आपला हात शेवटचा जिथे लागला, तिथेच आधी बघायचं. हा नियम कुणी पाळत नाही. प्लग बदललेला माणूस पेट्रोलमध्ये पाणी शोधतो, कार्बोरेटर साफ केलेला माणूस पॉइंट घासत बसतो. परिणामी जिथे बिघाड नव्हता तिथेही तो होतो. कार्बोरेटर काढला असेल, तर नट आत पडू नये म्हणून खालच्या भोकात कोंबलेला जुन्या बनियनचा बोळा आठवावा. तो बाहेर निघाला होता का? पेट्रोल आहे, करंट आहे, पण बनियनमधून श्वास घ्यायची सवय इंजिनाला नसते.

खरी करामत असते ती डेल्कोत. कागदोपत्री त्याला डिस्ट्रिब्युटर म्हणतात. गॅरेजात तसं म्हटलंत तर मजुरी वाढते. कॉइलची वायर इंजिनाजवळ धरल्यावर ठिणगी पडते आणि प्लगपाशी मात्र काहीच नाही, अशा वेळी डेल्कोचं झाकण उघडावं. आत रोटर नसेल. तो तुमच्या शर्टाच्या खिशात आहे.

रोटर जागेवर असेल तर प्लगच्या वायरी बघा. पद्मिनीचा क्रम १-३-४-२. चार वायरी चोवीस प्रकारे लावता येतात आणि त्यातला एकच प्रकार बरोबर असतो, त्यामुळे ‘लावून बघू’ ही पद्धत रविवारात बसत नाही. क्रमही बरोबर असून गाडी कार्बोरेटरमधून शिंकत असेल आणि सायलेन्सरमधून फटाके वाजवत असेल, तर डेल्को अर्धा फेरा उलटा बसलाय. पिस्टन एका आवर्तनात दोनदा वर येतो, एकदा मिश्रण दाबायला आणि एकदा धूर बाहेर लोटायला. तुमची ठिणगी धुराच्या वेळी पडतेय. खात्री करायची तर सेल्फला हात न लावता सगळे प्लग काढा, पहिल्याच्या भोकावर अंगठा दाबून धरा आणि चिरंजीवांना चौथ्या गिअरात गाडी हळूहळू पुढे ढकलायला सांगा. हवा अंगठा उडवू लागली की पिस्टन अगदी वर येईपर्यंत न्या आणि थांबा. आता रोटरचं तोंड पहिल्या प्लगच्या वायरीकडे हवं. (उघडं पेट्रोल लांब ठेवा. सल्ला देणाऱ्यांची सिगारेट त्याहून लांब.)

सल्ला देणारे येणारच. बाकीच्या गावांत बॉनेट उघडलं की बघे जमतात, नाशिकमध्ये तांत्रिक समिती बसते. एक काका सातपूरला महिंद्रात होते. दुसऱ्यांची उमर मायकोत डिझेलचे नोझल तपासण्यात गेली. कंपनीचं नाव बॉश झालं तरी ते मायकोच म्हणतात आणि सर्कलही त्यांच्याच बाजूने आहे. डिझेलवाले असल्यामुळे ते तुमच्या पेट्रोल गाडीलाही ‘एअर घेतलाय’ असं निदान देतात. ओझरच्या एचएएलमध्ये मिग जोडलेले काका मात्र लांब, हाताची घडी घालून उभे असतात. त्यांचा एकच प्रश्न असतो: “अहो, खोलताना खुणा केल्या होत्या का?” याचं उत्तर देऊ नये. नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले गृहस्थ इंजिनाकडे बघत नाहीत. ते खर्चाचा आकडा सांगतात आणि तोच तेवढा खरा ठरतो.

समितीचं एकमत फक्त धक्का मारण्यावर होतं. तेव्हा जुन्या नाशकात राहत असाल, तर सराफ बाजाराकडे उतरणारे रस्ते टाळा. उतार झकास आहे, पण पुढे थेट गंगा.

मेकॅनिकला फोन करायची वेळ आलीच, तर “भाऊ, मी काही केलं नाही, नुसतं बघितलं” हे वाक्य बोलू नका. ते त्याने सकाळपासून चार ठिकाणी ऐकलेलं असतं. काय काय खोललं ते सरळ सांगा आणि तो वाकला की पाठ फिरवून चहा सांगायला जा. त्याला एकांतात हसू द्यावं.

आणि गाडी चालू झालीच, तर लगेच बंद करू नका. सगळ्या घराला बसवून मखमलाबाद रस्त्याने मिसळ खायला न्या. तिथे पोचल्यावर जागा कितीही लांब मिळो, गाडी उतारावरच लावा, तोंड खाली करून.