खडीवरच्या सायकलवाल्याशी बोलण्याची प्रमाणित कार्यपद्धती

उद्देश आणि लागू क्षेत्र

भोसरी, आकुर्डी, तळवडे, चाकण, तळेगाव या पट्ट्यात कंपनीच्या कॅन्टीनमध्ये, सोसायटीच्या लिफ्टमध्ये किंवा लग्नाच्या पंगतीत सायकलवाला शेजारी येऊन बसण्याचा संभव बराच वाढला आहे. अप्रशिक्षित माणसाला त्याच्यासमोर एकटं सोडू नये, म्हणून ही कार्यपद्धती.

जो माणूस साध्या काळ्या सायकलवरून पहिल्या पाळीला येतो, गेटपाशी कुलूप लावतो आणि त्याबद्दल अवाक्षर काढत नाही, त्याला ती लागू नाही. वर्षाकाठी त्याचेच किलोमीटर बहुधा जास्त भरतील, पण ते कुठे नोंदलेले नसतात. त्याच्याशी नेहमीसारखं पावसापाण्याचं बोलावं. आपला माणूस वेगळा. तो आठवडाभर क्वालिटीत किंवा टूलरूममध्ये मायक्रॉन मोजतो आणि सुट्टीच्या दिवशी, मग ती एमआयडीसीतली गुरुवारची असो की आयटीतली रविवारची, पहाटे पाचला निगडीच्या भक्ती-शक्ती चौकात हेल्मेट घालून उभा असतो. तिथून निघून तो चांगला डांबरी रस्ता सोडतो आणि मुद्दाम मुरमाच्या वाटेला लागतो. ‘का?’ असा प्रश्न मनात आला असेल तर तूर्त दाबून ठेवा. तो सातव्या टप्प्यात विचारायचा आहे.

टप्पा १ : ओळख पटवणे

दंड आणि कोपर रापलेले, पंजा मात्र गोरा. गालावर हेल्मेटच्या पट्ट्याची रेघ. पायी चालतानाही नजर रस्त्याच्या कडेला, कारण तिथे काचा असतात. सायकल समोर असेल तर हँडल रेसच्या सायकलसारखं खाली वळलेलं, ब्रेक डिस्कचे, टायर मात्र ४० ते ४५ मिलिमीटर रुंद आणि नक्षीदार. डांबरावरची रेसची सायकल साधारण २८ मिलिमीटरमध्ये भागवते. हा फरक पाहून ओठांवर येणारं वाक्य असतं, ‘‘म्हणजे ही माउंटन बाइकच की!’’ ते गिळावं. बोलून गेलात तर पुढची चाळीस मिनिटं तुमची राहत नाहीत.

‘‘केवढ्याला पडली?’’ हा प्रश्न आपल्याकडे ओघानेच येतो. विचारण्यापूर्वी आजूबाजूला त्याच्या घरचं कोणी नाही ना, एवढं पाहावं. अशा सायकलला दोन किमती असतात आणि दोन्ही एकाच खोलीत सांगता येत नाहीत. ‘‘एवढ्यात नवी मोटरसायकल आली असती,’’ हे वाक्य सासऱ्यांसाठी राखीव आहे.

टप्पा २ : हवेवर बोलणे

संभाषण सुरू करायला टायरमधली हवा हा सर्वांत सुरक्षित विषय. तुम्हाला लहानपणापासून टायर टणक हवं असं शिकवलेलं असतं. इथे उलट. खडीवर हवा कमी ठेवतात, म्हणजे टायर दगडावर उडत नाही, दगडाला बिलगून जातं. किती कमी, हे स्वाराच्या वजनावर आणि टायरच्या रुंदीवर ठरतं. वजनाचा विषय तुम्ही काढू नये. तो स्वतः काढेल.

पुढे ट्यूबलेसचा उल्लेख येईल. त्यात ट्यूब नसते, आत सीलंट नावाचा दुधासारखा द्रव असतो. बाभळीचा काटा रुतला की द्रव भोकाशी धावतो, घट्ट होतो आणि भोक बुजतं. मावळात आणि खेड तालुक्यात बाभळीची वानवा नसल्यामुळे हे पुण्याचं काम आहे. मात्र आपल्या उन्हात सीलंट काही महिन्यांत आतल्या आत वाळून जातं. पंक्चरची हकिगत लांबू लागली तर कंपनीत शिकलेलं पाच वेळा ‘का’ विचारण्याचं तंत्र वापरावं. घरी उशीर का झाला? पंक्चर झालं. का झालं? काटा रुतला. सीलंटनं भोक का बुजलं नाही? वाळलं होतं. का वाळलं? वेळेवर बदललं नाही. का बदललं नाही? त्या दिवशी राइड होती. मूळ कारण सापडलं. विषय बंद.

टप्पा ३ : खड्ड्याचा विनोद टाळणे

शिकाऊ माणसाला इथे हमखास एक विनोद सुचतो : ‘‘खडीसाठी रानात कशाला जाता, आपला तळेगाव-चाकण रस्ता काय वाईट आहे?’’ समोरचा हसणार नाही. एक तर त्यानं तो फार वेळा ऐकला आहे, आणि दुसरं म्हणजे तांत्रिकदृष्ट्या तो चुकीचा आहे. खडी सगळीकडे सारखी वाईट असते, म्हणून तिच्यावर लय सापडते. खड्डा चांगल्या रस्त्याच्या मध्यात असतो आणि त्याला डांबराची धारदार कड असते. तिच्यावर कमी हवेचं टायर आपटलं की रिमपर्यंत दबतं आणि आत ट्यूब असेल तर तिला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. त्यात मागे कंटेनर असतो. खडीवर मागे फार तर शेळ्या असतात.

याच ओघात जानेवारी २०२६ च्या पुणे ग्रँड टूरबद्दल विचारायला हरकत नाही. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेच्या वेळापत्रकातली ही टप्प्याटप्प्यांची रेस जिल्ह्यात झाली, तेव्हा त्यासाठी रस्त्यांना नवं डांबर मिळालं. सगळ्या सायकलवाल्यांना आनंद झाला. आपल्या माणसालाही झाला, पण त्याच्या चेहऱ्यावर थोडी चलबिचल दिसेल. तिची चौकशी करू नये.

टप्पा ४ : रेस आणि ब्रेव्हे यांत घोळ न करणे

‘‘मग कितवा आलात?’’ हा प्रश्न रेसवाल्याला चालतो, ब्रेव्हेवाल्याला दुखावतो. ब्रेव्हे म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड, तिच्यात नंबर नसतो. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत आणि ६०० चाळीस तासांत पूर्ण करायचे. वाटेत ठरलेल्या ठिकाणी, म्हणजे कंट्रोलवर, कार्डावर नोंद करून घ्यायची. कंट्रोल बंद होण्याची वेळ असते तशी उघडण्याचीही असते, त्यामुळे फार जोरात आलेल्याला चहा पीत ताटकळावं लागतं. एका हंगामात ही चारही अंतरं केली की माणूस ‘एसआर’ होतो. सुपर रँडोनर म्हणजेच एसआर, हे तुम्हाला आधीच ठाऊक असल्यासारखी मान हलवावी.

ही पद्धत पॅरिसच्या ऑदाक्स क्लबची. तिचं शिखर म्हणजे पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस. १८९१ मध्ये ती रेस म्हणून सुरू झाली. आता दर चार वर्षांनी होते, १२०० किलोमीटर, कमाल नव्वद तास. समोरचा तिथे जाऊन आला असेल तर तुम्ही विचारण्याआधीच कळेल. जाऊन आला नसेल तर २०२७ चं नाव काढावं आणि डबा उघडून निवांत बसावं.

खरी रेस हवी असेल तर पुणे ते गोवा डेक्कन क्लिफहँगर आहे, सुमारे साडेसहाशे किलोमीटरची. आणि जुन्या माणसाशी बोलताना मुंबई-पुणे सायकल शर्यत विसरू नये. बोरघाटात सर्वांत आधी वर पोचणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. हा किताब उच्चारताना आवाज थोडा खाली आणावा.

टप्पा ५ : मोठी नावं योग्य जागी वापरणे

नावं मोजकी आणि बिनचूक घ्यावीत. अमेरिका एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत ओलांडणारी रेस अक्रॉस अमेरिका सुमारे ४८०० किलोमीटरची. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये ती जोडीनं पूर्ण केली, नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये एकट्यानं. डॉक्टर मंडळी रुग्णांना झोपेचं महत्त्व सांगतात आणि स्वतः असं करतात, ही टिप्पणी मनातच ठेवावी.

खडीच्या रेसमध्ये सर्वांत गाजलेली म्हणजे कॅन्सस राज्यातली अनबाउंड. २००६ पासून चालू आहे आणि तिचं मुख्य अंतर २०० मैल, म्हणजे ३२० किलोमीटर. तिथली गारगोटी टायर चिरते. २०२३ मध्ये तिथे असा चिखल झाला की जगातले नामांकित स्वार सायकल खांद्यावर घेऊन चालत होते. चाकणच्या उत्तरेला काळ्या मातीत पाऊस पडल्यावर आपल्या माणसानंही तेच केलेलं असतं, फक्त त्याला तिथे पाहायला कोणी नव्हतं. ही तुलना तुम्ही होऊन केलीत तर तो तुम्हाला चहा पाजेल.

‘‘हे सगळं फॅड आत्ताचं,’’ असं पंगतीत कोणी म्हणालं तर सायकलवाल्याच्या मदतीला धावून जावं. ऑक्टोबर १९२३ मध्ये मुंबईतून सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे १९२८ मध्ये ती पुरी करून परतले. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी हिनं विशीत, २०१८ मध्ये, सुमारे २९,००० किलोमीटरचा फेरा मारला. कॅनडात अस्वल मागे लागलं, स्पेनमध्ये चाकूच्या धाकानं लुटलं गेलं, तरी तिनं फेरी पुरी केली. एवढं सांगितलं की पंगतीतला मठ्ठा संपेपर्यंत शांतता राहते.

टप्पा ६ : आकड्यांतून बाहेर काढणे

इथपर्यंत आलेला शिकाऊ माणूस समजतो की आपण संभाषण केलं. नाही. आतापर्यंत फक्त आकड्यांची देवाणघेवाण झाली. सरासरी वेग, चढाई, हृदयाचे ठोके, वजनाच्या मानानं वॉट, हे सगळं तो तुम्हाला सांगेल, कारण आठवडाभर तो रिपोर्टच देतो आणि सवय सुटत नाही. राइड संपल्यावर घरी फोन करण्याआधी तो ती स्ट्राव्हा या अ‍ॅपवर चढवतो.

आता पुढचे तीन प्रश्न क्रमानं विचारावेत. पाणी कुठे मिळालं? कुठून मागे फिरलात? वाटेत कोण भेटलं? यांची उत्तरं कोणत्याही घड्याळात नोंदलेली नसतात, त्यामुळे तो क्षणभर अडखळेल. घाई करू नये. मग कान्हे फाट्यावरून टाकवे, वडेश्वर, पुढे ठोकरवाडीच्या पाण्याच्या कडेनं खांडीपर्यंतची वाट सुरू होते. नकाशात रस्ता होता, प्रत्यक्षात पाणंद निघाली आणि पाणंदीत म्हैस बसलेली. एक वाट सरळ कोणाच्या तरी खळ्यात संपली. तिथल्या आजींनी आधी पाणी दिलं, मग विचारलं, ‘‘कंपनी पेट्रोल देत नाही का रं?’’ हे सांगताना त्याचा सरासरी वेग किती होता, हे त्याला आठवत नाही. संभाषण इथे सुरू झालं असं धरावं.

टप्पा ७ : ‘का’ विचारणे

आता विचारा. उत्तर बहुधा थेट येणार नाही. तो भामचंद्र डोंगराबद्दल बोलू लागेल. तुकोबांनी ज्या डोंगरांवर चिंतन केलं त्यांतला हा एक. चाकण एमआयडीसीच्या शेड वासुलीकडे त्याच्या पायथ्याशी येऊन थांबल्या आहेत. कंपनीच्या बसमधून रोज जाताना खिडकीचा पडदा ओढलेला, डोळे मिटलेले, कानात गाणी. डोंगर कधी दिसलाच नाही. मग एका सकाळी करंजविहिरेच्या बाजूला जाताना टायरखाली डांबर संपलं, धूळ उडाली आणि तो समोर आला. कंपाउंडच्या भिंतीपासून अंतर इतकं थोडं की नोंदवायलाही लाज वाटावी.

ज्याला आठवडाभर ड्रॉइंगपासून तसूभर ढळणं म्हणजे दोष असं बजावलेलं असतं, त्याला सुट्टीच्या दिवशी ढळायचंच असतं. त्यासाठी कॅन्ससला जावं लागत नाही, एमआयडीसीच्या दुसऱ्या फेजच्या मागच्या वाटेनं वळलं तरी पुरतं. रेसचं वेड हे घरच्यांना आणि बॉसला देण्याजोगं कारण आहे. म्हशीला वाट देऊन उभं राहायला जातो, असं सांगून सुट्टी मंजूर होत नाही.

दोष आणि उपाय

समोरचा सायकल उलटी करून गिअर दाखवू लागला : घड्याळ पाहू नका, तेवढ्यानं तो वेळेच्या विषयावर जाईल. दोन रेसवाले एकत्र आले : तुम्ही निघू शकता, कोणाच्या लक्षात येणार नाही. तो ‘डीएनएफ’ म्हणाला : राइड अर्धवट सोडावी लागली. सांत्वन करू नका, फक्त कोणत्या किलोमीटरला ते विचारा, बाकी तो सांगेल. मॅडम सायकलवाल्या असतील तर ‘‘एकट्या जाता?’’ हा प्रश्न वर्ज्य. त्यांनी तो पेडलच्या फेऱ्यांपेक्षा जास्त वेळा ऐकला आहे. ‘‘लाइट कोणता लावता?’’ हे विचारा. अंधारातल्या वाटेचं सगळं त्यातून येतं.

सुरक्षा सूचना

‘‘मलाही एकदा न्या ना,’’ हे वाक्य सौजन्य म्हणून उच्चारू नये. ते नोंदलं जातं. त्याच रात्री तुमचा नंबर ग्रुपवर जातो आणि पहाटे साडेचारला फोन वाजतो. त्यांच्या ‘‘सोपा लूप आहे, चढ नाही’’ या वाक्यावर विश्वास ठेवताना मधे भंडारा डोंगर येतो का, हे स्वतः तपासून घ्यावं.

चाचणी

लेखी परीक्षा नाही. शिकाऊ माणूस आपल्या सोसायटीसमोर ड्रेनेजसाठी उकरलेला रस्ता पाहून महापालिकेला नावं ठेवण्याआधी ‘इथे चाळीसचं टायर बसेल का’ असा विचार करू लागला, की तो उत्तीर्ण झाला असं समजावं. त्याच्यापुढचं प्रशिक्षण या कार्यपद्धतीत समाविष्ट नाही. त्यासाठी घरच्या वित्त विभागाची मंजुरी लागते आणि अर्जात सायकलची कोणती किंमत लिहायची, ते पहिल्या टप्प्यात सांगितलं आहे.